नीलाविस्फार : पायातील एका विकाराचे निदान आणि त्याचे नाव

रक्तवाहिनीचा एखादा भाग दुबळा होऊन फुग्यासारखा फुगतो, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यक त्याला ॲन्युरिझम म्हणते. हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ केवळ 'रुंदावणे' एवढाच आहे. कोणती वाहिनी रुंदावली, याचा त्यात निर्देश नाही. भारतीय भाषांत परिभाषा घडविणाऱ्यांनी मात्र हा शब्द उतरवून घेताना त्यात एक विशिष्ट वाहिनी घातली. हिंदीत धमनीविस्फार हा शब्द रूढ झाला. मराठीत, आर्टरीला रोहिणी म्हणण्याच्या प्रघातानुसार, रोहिणीविस्फार. बहुसंख्य ॲन्युरिझम रोहिण्यांनाच होत असल्यामुळे हे भाषांतर व्यवहारात चालून गेले. परंतु नीलांनाही, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांनाही, हा विकार होतो. आणि तो गुडघ्याच्या मागील खोल नीलेत झाला तर प्राणावर बेतू शकतो. रूढ परिभाषेत त्याचे वर्णन करू जाणाऱ्यास 'नीलेचा रोहिणीविस्फार' असा वदतोव्याघात पत्करावा लागतो.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. ज्या विकाराला नाव नाही, त्याचा संशय येणेही अवघड असते. आणि प्रस्तुत विकाराच्या निदानात संशय येणे हीच पहिली व सर्वांत कठीण पायरी आहे. नीलाविस्फार दुर्मिळ आहे, पुष्कळदा मुका आहे, आणि त्याचा पहिला उच्चार कित्येकदा पायातून न होता फुप्फुसातून होतो. म्हणून त्याचे निदान कसे होते, ते कोठे चुकते आणि त्यात शब्दांचा वाटा किती असतो, हे एकत्र पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम शब्दांचा विचार करू जाता, 'नीला' आणि 'रोहिणी' ही जोडी आज शाळेच्या पाठ्यपुस्तकातून परिचित झाली असली, तरी ती मुळात जोडी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरांचे चार प्रकार सांगितले आहेत : वायू वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या उष्ण त्या नीला, कफ वाहणाऱ्या शीतल व स्थिर त्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी. ही विभागणी रंगांची आणि दोषांची आहे; रक्त हृदयाकडून निघते की हृदयाकडे परतते, या भेदाशी तिचा संबंध नाही. आधुनिक मराठी परिभाषाकारांनी या चौघींतून दोघींना उचलले, त्यांच्या गळ्यात नवा अर्थ बांधला आणि अरुणा व गौरी यांना ग्रंथातच राहू दिले. निवड सार्थ होती. त्वचेखाली दिसणारी वाहिनी निळसरच भासते. पण नीलेतील रक्त निळे नसते. ते गडद तांबडेच असते. निळेपणा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. एवढी एक दिशाभूल नावातच राहून गेली आहे.

बोलीत तर हा भेद अजिबात नाही. तेथे सर्वांना मिळून एकच शब्द आहे, 'शीर', आणि तो संस्कृत 'सिरा' या शब्दापासून आला आहे. शीर फुगते, शीर ताणली जाते, शिरेवर शीर चढते. या प्रयोगांत शीर म्हणजे कधी रक्तवाहिनी, कधी मज्जातंतू, कधी स्नायूचा बंध. रुग्ण 'पायाची शीर दुखते' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या दुखण्याचा ठाव वैद्याला शब्दावरून लागत नाही. बोट ठेवायला सांगावे लागते.

आता नीलेची रचना पाहू. रोहिणीची भिंत जाड व लवचीक असते, कारण तिला हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब सोसावयाचा असतो. नीलेची भिंत पातळ असते, तिच्यातील दाब अल्प असतो आणि तिच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो : उभ्या माणसाच्या घोट्यापासून रक्त वर छातीपर्यंत चढवावयाचे कसे? हे काम दोन योजनांनी साधते. पहिली म्हणजे पोटरीचे स्नायू. पाऊल टाकताना ते आवळले जातात आणि खोल नीलांना पिळून रक्त वर ढकलतात. दुसरी म्हणजे नीलांतील झडपा. पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करणे, हे त्यांचे कार्य असावे, असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. एकच वस्तू गुरूनेही पाहिली आणि शिष्यानेही. दोघांच्या पाहण्यातील अंतरावर रक्ताभिसरणाचा शोध उभा राहिला.

झडपा निकामी झाल्या म्हणजे रक्त खाली साचते आणि त्वचेलगतच्या नीला लांब, नागमोडी व गाठाळ होतात. याला मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत अपस्फीत नीला आणि नित्याच्या बोलण्यात व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. हा विकार सर्रास आढळतो. नीलाविस्फार त्याहून वेगळा. त्यात नीला लांबून वळत नाही, तर एकाच मर्यादित जागी फुगते, आणि त्या जागेच्या वर व खाली ती जवळजवळ पूर्ववत असते. फुगवट्याचे दोन आकार मानले जातात. एक पिशवीसारखा, म्हणजे भिंतीच्या एका बाजूने बाहेर आलेला. दुसरा चातीसारखा, म्हणजे सर्व बाजूंनी सारखा रुंदावलेला. अशा भिंतीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिच्यातील स्नायुपेशी व लवचीक तंतू कमी झालेले आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊतक आलेले दिसते. काही रुग्णांत विकार जन्मजात असतो, काहींत तो आघातानंतर येतो. पुष्कळांत निश्चित कारण हाती लागत नाही.

किती रुंदी झाली म्हणजे विस्फार म्हणावयाचा, याविषयी एकमत नाही. कोणी लगतच्या नीलेच्या दुप्पट रुंदी ही सीमा मानतात, कोणी तिप्पट. गुडघ्यामागील नीलेची रुंदी सामान्यतः एका सेंटिमीटरच्या आत असते. त्यामुळे तेथे २० मिलिमीटरची मर्यादा अनेकांनी व्यवहारासाठी स्वीकारली आहे. व्याख्या सैल असल्यामुळे एका तपासनिसाच्या लेखी जी 'थोडी रुंद नीला' असते, ती दुसऱ्याच्या लेखी विस्फार असते. निदानातील अनिश्चितीचे हे एक मूळ आहे.

या विकाराचा इतिहासही अलीकडचा आहे. गुडघ्यामागील नीलेच्या विस्फाराचे वर्णन मे आणि निस्ल यांनी १९६८ मध्ये केले. १९७६ मध्ये डाल व त्यांचे सहकारी यांनी अशा विस्फारातून गुठळ्या सुटून फुप्फुसात वारंवार जाऊन अडकल्याचा वृत्तांत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि तोवर कुतूहलाचा मानला गेलेला फुगवटा धोक्याचा ठरला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंडही १९७६ सालचाच. परिभाषा घडत होती तेव्हा हा विकार जगाच्या वैद्यकालाच नुकता कळू लागला होता. तेव्हा परिभाषाकारांना दोष देता येणार नाही. पण त्यांचा शब्द पुढे तपासला गेला नाही, हेही खरे.

गुठळी सुटून दूरच्या वाहिनीत अडकते, या घटनेला मराठीत अंतर्कीलन असा शब्द आहे. कील म्हणजे खुंटी, पाचर. वाहिनीत पाचर बसावी तशी गुठळी बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिरखो यांनी फुप्फुसातील अशा गुठळ्या मुळात तेथल्या नसून दूरच्या नीलांतून आलेल्या असतात, हे दाखविले. विस्फारात गुठळी का होते, हेही सहज कळण्याजोगे आहे. नदीचे पात्र अचानक रुंदावले म्हणजे पाणी संथ होते, काठाशी भोवरे फिरतात, गाळ बसतो. फुगलेल्या नीलेत रक्त तसेच मंदावते, कडेने गरगरते आणि थिजते. पुढे चालताना पोटरीचा पंप चालला की ते थिजलेले रक्त तुटून वर निघते, मोठ्या नीलेवाटे हृदयाच्या उजव्या भागात येते आणि तेथून फुप्फुसात फेकले जाते.

या विकाराच्या निदानाचे मार्ग दोन आहेत : एक गाठीकडून निघतो, दुसरा फुप्फुसाकडून.

पहिल्या मार्गात रुग्ण पायात गाठ असल्याची तक्रार घेऊन येतो. येथे जागेचे नाव प्रथम निश्चित करावे लागते, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांच्या रुग्णालयीन व्यवहारात ते वाटते तितके सोपे नाही. संस्कृतात जङ्घा म्हणजे गुडघ्याखालचा भाग, पोटरी व नडगी मिळून. सुश्रुताने सांगितलेले जानु हे मर्म जङ्घा आणि ऊरू यांच्या सांध्यावर आहे, ते या अर्थानेच. हिंदीत तोच शब्द जाँघ होऊन वर सरकला आणि मांडीचा वाचक झाला. मराठीत तो आणखी वर चढून जांघ, म्हणजे मांडी व ओटीपोट यांमधील सांधा, या अर्थी स्थिरावला. दिल्लीच्या रुग्णालयात मराठी रुग्ण 'जांघेत गाठ' म्हणाला आणि हिंदीभाषक वैद्याने 'जाँघ में गाँठ' ऐकले, तर दोघांच्या मनातील गाठ वीतभर अंतरावर असते. ही वीत नगण्य नाही. कारण जांघेतील फुगवट्याचे प्रश्न वेगळे आणि मांडीतल्या गाठीचे वेगळे.

जांघेत, जेथे त्वचेलगतची मोठी नीला खोल नीलेला मिळते, तेथे फुगवटा आला तर तो हर्नियासारखा दिसतो. दोन्ही खोकल्यासरशी बोटाला धक्का देतात, दोन्ही आडवे झाल्यावर मावळतात. भेद बारीक असतात : नीलेचा फुगवटा अधिक मऊ लागतो, त्यावरील त्वचा कधी निळसर दिसते, आणि खोकताना बोटाखाली पाणी सळसळल्यासारखा कंप जाणवतो. म्हणून रुग्णाला उभे करून, निजवून आणि पाय उंच करून, अशा तिन्ही अवस्थांत तपासणे आवश्यक असते. केवळ निजवून तपासणाऱ्याला गाठ सापडतच नाही.

गुडघ्याच्या मागील खोलगट भागात प्रश्न आणखी बिकट होतो. तेथे सर्वांत अधिक आढळणारी गाठ म्हणजे विल्यम मॉरन्ट बेकर यांनी १८७७ मध्ये वर्णिलेली, सांध्यातील वंगणाने भरलेली पिशवी. तिला बेकरची गाठ म्हणतात. दुसरी शक्यता रोहिणीविस्फाराची; तो हृदयाच्या ठोक्याबरोबर उसळतो. नीलेचा विस्फार असा उसळत नाही. तिसरी शक्यता मेद किंवा अन्य ऊतकांच्या अर्बुदाची. नीलाविस्फार या सर्वांत मऊ, उभे राहिल्यावर भरणारा आणि दाबल्यावर रिकामा होणारा असतो. पण त्यात गुठळी जमली असेल तर तो घट्ट होतो व दाबला जात नाही, आणि मग ओळखीची खूणच नाहीशी होते. येथील चूक महाग पडते. बेकरची गाठ समजून सुई घातली, किंवा अर्बुद समजून तुकडा काढू गेले, तर रक्तस्राव होतो किंवा आतली गुठळी हलते. गुडघ्यामागील कोणत्याही गाठीला शस्त्र लावण्यापूर्वी तिच्यातून रक्त वाहते की नाही हे पाहिले पाहिजे, हा नियम त्यातूनच आला.

हे पाहण्याचे साधन कालपरत्वे बदलत गेले. लिस्बन येथील झुआंव सिद दुस सान्तुस यांनी १९३८ मध्ये पायाच्या नीलेत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून नीलांचे चित्रण करण्याची पद्धत मांडली, आणि पुढे कित्येक दशके तेच प्रमाण मानले गेले. त्यात सुई टोचावी लागते, द्रव्याचा त्रास होऊ शकतो, आणि फुगवटा गुठळीने भरलेला असेल तर द्रव्य आत न शिरल्यामुळे चित्रात तो खऱ्यापेक्षा लहान दिसतो. आज पहिली तपासणी श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे सोनोग्राफीची असते, आणि तिला डॉप्लर तत्त्वाची जोड असते. ख्रिस्तिआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधात मांडलेले तत्त्व असे की उगम जवळ येत वा दूर जात असेल तर लहरींची वारंवारता बदलते. तेच वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीला लावले की रक्ताची दिशा व वेग कळतात आणि पडद्यावर रंगांत दिसतात.

पडद्यावर बेकरची गाठही काळी आणि नीलाविस्फारही काळा. दोन्ही द्रवाने भरलेले. निर्णय चार गोष्टींवर होतो. एक, तो काळा भाग नीलेशी सलग आहे काय. त्यासाठी प्रोब उभा व आडवा फिरवून नीलेचा माग काढावा लागतो. दोन, आत रंग दिसतो काय. विस्फारात रक्त इतके मंद असते की रंग उमटत नाही, म्हणून पोटरी हाताने आवळून प्रवाह वाढवावा लागतो, आणि तसे करताच कडेने फिरणारा भोवरा दिसतो. तीन, प्रोबने दाबल्यावर भिंती एकमेकींना मिळतात काय. न मिळाल्यास आत गुठळी असण्याचा संभव. चार, रुंदी किती आणि आकार पिशवीचा की चातीचा. गुडघा पूर्ण ताठ ठेवल्यास मागील नीला दबून भासमान बदल दिसू शकतात. म्हणून तो किंचित वाकवून तपासतात, आणि शक्य तेव्हा रुग्णाला उभे करून. शस्त्रक्रियेचा बेत ठरविताना सी. टी. किंवा एम. आर. पद्धतीने नीलांचे चित्रण करून लगतची रोहिणी व मज्जातंतू यांच्याशी फुगवट्याचा संबंध पाहतात.

दुसरा मार्ग फुप्फुसाकडून निघतो आणि तोच अधिक निसरडा आहे. रुग्णाला एकाएकी दम लागतो, छातीत कळ येते, कधी तो बेशुद्ध पडतो. तपासणीत फुप्फुसात गुठळी सापडते आणि तिचा उगम शोधण्यासाठी पायांची सोनोग्राफी होते. या तपासणीचा हेतू मात्र 'गुठळी आहे काय' एवढाच असतो. ठराविक ठिकाणी नीला दाबून पाहिली जाते. दबली तर 'गुठळी नाही' असा अहवाल येतो. विस्फारातील गुठळी आधीच सुटून फुप्फुसात गेलेली असेल, तर रिकामा झालेला विस्फारही निमूटपणे दबतो, आणि अहवाल शब्दशः खरा असूनही रुग्णाच्या दृष्टीने खोटा ठरतो. पुढे क्लथनरोधक औषधे थांबतात आणि काही काळाने दुसरी गुठळी सुटते. म्हणून कारण न सापडलेल्या, विशेषतः पुन्हा झालेल्या अंतर्कीलनात 'गुठळी आहे काय' याबरोबर 'नीलेचा आकार कसा आहे' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे, आणि तो दोन्ही पायांविषयी विचारला गेला पाहिजे. तपासणीला जे विचारले जाते, त्याचेच उत्तर ती देते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर उपचारात आहे. केवळ क्लथनरोधक औषधे देऊन हा धोका पुरता टळत नाही. औषधे चालू असतानाही अंतर्कीलन झाल्याचे वृत्तांत आहेत. फ्रान्समधील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने २००० मध्ये २५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात पिशवीसारखे विस्फार आणि मोठे चातीसारखे विस्फार, लक्षणे नसली तरी, शस्त्रक्रियेने दुरुस्त करावेत असा अभिप्राय दिला होता. बहुधा फुगलेली भिंत कडेने कापून नीला शिवून टाकतात. तेवढ्याने भागत नसल्यास तो भाग काढून टोके जोडतात किंवा दुसऱ्या नीलेचा तुकडा बसवितात. लहान, चातीसारखे व गुठळी नसलेले विस्फार ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नजरेखाली ठेवता येतात. त्वचेलगतच्या नीलांतील विस्फारांचा धोका सामान्यतः कमी असतो आणि ते काढून टाकणेही सोपे असते. जो विकार ओळखला तर एका शस्त्रक्रियेत संपतो, तोच न ओळखला तर जीव घेऊ शकतो. फरक निदानाचा आहे.

प्राचीन भारतीय वैद्यकाला हा विकार ठाऊक होता काय, असा प्रश्न या ठिकाणी साहजिकच उद्भवतो. सुश्रुताने निदानस्थानात ग्रंथींच्या प्रकरणात सिराज ग्रंथी वर्णिली आहे. दुर्बळ माणसाने अतिश्रम केल्याने कुपित झालेला वायू सिरांच्या जाळ्याला पीडा देऊन, आवळून, उंच व गोल गाठ उत्पन्न करतो, असे तिचे कारण दिले आहे. दुखणारी व हलणारी गाठ कष्टसाध्य. न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मस्थानी असलेली गाठ असाध्य, असा तिचा निवाडा आहे. या वर्णनात कोणी रोहिणीविस्फार पाहतात, कोणी अपस्फीत नीला. वस्तुतः ज्या शास्त्रात नीला आणि रोहिणी यांचा आजचा भेदच नाही, त्यातील गाठीला आजच्या दोन नावांपैकी एक देणे म्हणजे त्या ग्रंथाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे होय. मात्र त्या निवाड्यातील एक निरीक्षण लक्षणीय आहे : न दुखणारी गाठ अधिक भयावह असू शकते. वेदना नसणे म्हणजे निर्धास्तता नव्हे, ही जाणीव त्या वैद्याला होती. आणि गुडघ्यामागील मुक्या फुगवट्यापुढे आजच्या वैद्यालाही तीच ठेवावी लागते.

राहता राहिला नावाचा प्रश्न. 'विस्फार' हा शब्द स्वतंत्र ठेवून त्याला वाहिनीचे नाव जोडले, तर रोहिणीविस्फार आणि नीलाविस्फार अशी दोन्ही नावे सहज सिद्ध होतात आणि मूळ ग्रीक शब्दाची व्याप्तीही राखली जाते. हिंदीतही धमनीविस्फारच्या शेजारी शिराविस्फार बसू शकतो. तेथे शिरा म्हणजे व्हेन हे रूढच आहे. मराठीत मात्र तोच शब्द 'शीर' या बोलीरूपाने सर्व वाहिन्या, तंतू आणि बंध यांना कवेत घेत असल्यामुळे शास्त्रीय लेखनात नीला हेच बरे, आणि रुग्णाशी बोलताना 'गुडघ्यामागची रक्ताची नळी फुगली आहे' हे त्याहून बरे. कोशात एका नोंदीची भर पडल्याने कोणाचा पाय बरा होणार नाही. परंतु अहवाल लिहिणाऱ्या तपासनिसाच्या हाती तो शब्द असेल, तर 'गुठळी नाही' एवढ्यावर न थांबता 'विस्फारही नाही' हे लिहिण्यापूर्वी त्याला प्रोब आणखी एकदा गुडघ्यामागे फिरवावा लागेल.